काळ्या दगडापासून अलिबागच्या वेधशाळेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद या बाजूने फिरले की सगळीकडे एकच दगड भेटतो. विहिरी त्यातूनच फोडलेल्या, जुन्या मशिदींचे आणि मंदिरांचे पायथे त्याच्याच चिऱ्यांचे, रस्त्यावरची गिट्टीही त्याचीच. ज्या काळ्या जमिनीत आपला कापूस उभा असतो, ती या दगडाचीच झिजून झालेली माती आहे. वणी, मारेगाव, झरी जामणीकडे गेलात तर चित्र पालटते. तिथे चुनखडी लागते, कोळशाच्या खाणी लागतात. २०२२ साली वणी-पांढरकवडा भागात शिबला-पारडीजवळ रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून पैलूदार दगडी खांबांची रांग निघाली, तेव्हा ती पाहायला लोकांनी गर्दी केली होती. कोणी म्हणे जुना राजवाडा असेल. पण ते खांब माणसाने घडवलेले नव्हते. तापलेला लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, त्यातून असे खांब तयार होतात.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरला. त्या वेळी आपला भारत आजच्या जागी नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. या दगडात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली आणि ती आजही सोडलेली नाही. पावसाळा सरल्यावर नाल्याच्या वाळूतून एखादे लोहचुंबक फिरवून पाहा. त्याला काळी भुकटी मिशांसारखी चिकटते. आमच्या शाळेतली मुले हा प्रयोग दरवर्षी करतात आणि भुकटी कागदावर झटकून घरी घेऊन जातात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत दख्खनच्या या दगडांचे चुंबकत्व मोजले. नोबेल पारितोषिक मिळालेले इंग्लिश शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटानेही तेच केले. कित्येक थरांत उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल झालेली आढळली, कारण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून उलटतात. भारताचा भूभाग दक्षिणेकडून सरकत वर आला, याचा एक मोठा पुरावा या दगडांनी दिला. आपल्या शेताच्या बांधावरचा दगड एवढी मोठी साक्ष देतो, हे वर्गात सांगताना आम्हाला दर वेळी नवल वाटते.

हे सगळे पुस्तकात राहिले असते. पण दिग्रसजवळच्या एका गावात मशिदीचा नवा हॉल बांधायला घेतला आणि चुंबकत्वाचा प्रश्न थेट सफांपर्यंत आला.

जुनी मशीद तीन पिढ्यांपूर्वीची, काळ्या दगडाची. तिची मेहराब सरळ पश्चिमेला. तिला लागून सिमेंटचा मोठा हॉल उभा राहिला. आत सफांच्या रेषा मारायच्या होत्या. एका तरुणाने मोबाईल काढला, त्यात किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेला दाखवला. दुसऱ्याने हजवरून आणलेला किब्लानुमा ठेवला, त्याने वेगळीच दिशा सांगितली. तो दोन पावले सरकवून खांबाजवळ नेला तर सुई आणखी फिरली. मोठी माणसे म्हणाली, जुन्या मशिदीच्या रेषेतच नव्या रेषा काढा. तरुण म्हणाले, जुनीच चुकीची असेल तर? मग आवाज चढले. दोन जुम्यांपर्यंत हा वाद चालला, काही घरांत बोलणेही बंद झाले. आम्ही शिक्षक म्हणून तिथे गेलो तेव्हा एक वृद्ध चाचा आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “सर, अब्बांनी इथे पन्नास वर्षं नमाज पढली. ती मग कुठल्या दिशेनं झाली?”

त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. एक दीनचा, तो उलेमांनी सोडवायचा. दुसरा सुईचा. त्याचे उत्तर शोधायची जबाबदारी आमच्यासारख्या मास्तरांवर येते.

सुईला वळवणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र फार दुबळे असते. चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक आहे टेस्ला. १९६० साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ते स्वीकारले. नागपूरला एमआरआय काढायला जातो त्या यंत्राचे क्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला असते. पृथ्वीचे क्षेत्र सांगायला टेस्ला फार मोठा पडतो, जसे सोन्याचे वजन क्विंटलमध्ये सांगत नाहीत तसे. म्हणून टेस्लाचे शंभर कोटी भाग करतात, त्यातल्या एका भागाला नॅनोटेस्ला म्हणतात. आपल्या जिल्ह्यात पृथ्वीचे क्षेत्र ४० ते ४५ हजार नॅनोटेस्लांच्या दरम्यान भरते. मोबाईलमध्ये होकायंत्राचे अ‍ॅप उघडले तर हाच आकडा मायक्रोटेस्लात चाळीसच्या वर दिसतो. हजार नॅनोटेस्लांचा एक मायक्रोटेस्ला होतो.

आता हॉलचा हिशेब सोपा होतो. सुईला वळवणारा, जमिनीला समांतर असलेला भाग आपल्याकडे साधारण ३९ हजार नॅनोटेस्लांचा आहे. आडव्या बाजूने ७०० नॅनोटेस्लाचे दुसरे क्षेत्र आले की सुई एक अंश हलते. सात हजारांचे आले की दहा अंश. सिमेंटच्या खांबातल्या सळया, लोखंडी दरवाजा, पंख्याची मोटर, स्पीकरचे चुंबक, मोबाईलच्या कव्हरातले चुंबकी बटण, यातल्या कुणालाही जवळून एवढे जमते. काळ्या पाषाणाच्या उघड्या माथ्यावर वीज पडलेली असेल तर तो दगडही सुईला फसवतो. किब्लानुमा खोटा नव्हता. त्याच्या शेजारी कोण उभे आहे, हे कुणी पाहिले नव्हते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या शाळेची सहल ठरायची होती. दरवर्षी मुले औरंगाबाद-खुलताबाद म्हणतात. या वेळी आम्ही अलिबाग सुचवले. समुद्र म्हटल्यावर कुणीच विरोध केला नाही. वेधशाळा हा शब्द आम्ही नंतर उच्चारला.

धामणगावला रात्री रेल्वे धरली. बरोबर पराठे, लोणचे, भुईमुगाची चटणी आणि घरोघरच्या अम्मींनी दिलेल्या सूचनांचे गाठोडे. सकाळी मुंबई. गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. बहुतेक मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आठवीतल्या एका मुलीने लाँचवरून विचारले, “सर, इथं रस्ता नाही, तर हा माणूस लाँच नेतो कशावर?” होकायंत्राचा धडा तिथेच सुरू झाला. तेराव्या शतकात बैलक अल-किबजाकी यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की त्रिपोलीहून अलेक्झांड्रियाला जाताना खलाशी पाण्यावर तरंगणारी चुंबकाची सुई वापरत होते. त्याच शतकाच्या अखेरीस येमेनच्या अल-अश्रफ या राजपुत्राने, जो पुढे सुलतान झाला, होकायंत्रावर लिहिले आणि त्याने किब्ला कसा शोधायचा हेही सांगितले. म्हणजे किब्लानुमा काल-परवा बाजारात आलेली वस्तू नाही, सातशे वर्षांहून जुनी आहे.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा समुद्राच्या अगदी जवळ आहे. ती इथे का आली, याची गोष्ट मुलांना फार आवडली. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय मोजमापे घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेचा प्रवाह जिथून जातो तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ट्राम धावू लागल्या असत्या तर कुलाब्याच्या नाजूक सुयांना पृथ्वीऐवजी ट्रामचेच वेळापत्रक कळले असते. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेचा हा विभाग खाडीपार, सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला हलवला. १९०४ साली इथे काम सुरू झाले. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा नीट जुळावा. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुया सुखरूप पलीकडे पोहोचल्या होत्या.

इमारतही तशीच बांधली. दगड पोरबंदरचा, कारण त्यात आपल्या काळ्या पाषाणासारखे चुंबकत्व नाही. बिजागऱ्या, खिळे, कड्या लोखंडाच्या नाहीत, तांब्या-पितळेच्या. आतले तापमान दिवसभर फार बदलू नये अशी रचना. मुलींच्या ओढण्यांच्या पिना, मुलांचे पट्टे, किल्ल्या, मोबाईल, सगळे एका पिशवीत काढून ठेवायला सांगितले तेव्हा हसू पिकले. माहिती देणारे गृहस्थ म्हणाले, “तुमच्या खिशातली किल्ली आम्हाला इथं बसून कळते.” मग सगळे गंभीर झाले.

जुन्या नोंदींत नॅनोटेस्ला हा शब्द नाही, तिथे गॅमा आहे. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने गाऊस हे एकक होते. त्याचा लाखावा भाग म्हणजे गॅमा. एक गॅमा आणि एक नॅनोटेस्ला अगदी सारखे आहेत, फक्त नाव बदलले, जसे पावशेराचे ग्रॅम झाले तसे नाही, इथे मापही तेच राहिले. आज एक नॅनोटेस्ला मोजणारे एक यंत्र ऐकून मुलांना गंमत वाटली. त्यात पाण्याची किंवा रॉकेलसारख्या द्रवाची बाटली असते. त्यातले हायड्रोजनचे अणुकेंद्र भोवऱ्यासारखे डुलतात आणि क्षेत्र जितके जोरदार तितके भरभर डुलतात. ४४ हजार नॅनोटेस्लात ते सेकंदाला सुमारे १८७० वेळा डुलतात. ते डुलणे मोजले की क्षेत्र कळते.

इथल्या आलेखांत रोजची एक ठरावीक चढउतार दिसते. सकाळी सूर्य वर आला की शंभर किलोमीटरहून वरच्या हवेत विजेचे प्रवाह सुरू होतात आणि क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लांनी बदलते, रात्री पुन्हा शांत. सूर्यावर वादळ झाले तर रेघ वेड्यासारखी खाली येते. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला पृथ्वीवर आलेले वादळ आजवरच्या नोंदींतले सर्वांत मोठे मानले जाते. अमेरिकेत आणि युरोपात तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्याला बसून माणसे डोळ्यांनी सुई पाहून आकडे वहीत उतरवत होती. त्यांच्या नोंदीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण आहे. जगातल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली त्या वादळाचा अभ्यास केला तेव्हा त्यांना कुलाब्याच्या याच वह्यांचा आधार मिळाला. मे २०२४ च्या वादळात जागतिक मोजमाप ४०० नॅनोटेस्लांच्या घरात गेले, लडाखमधल्या हानलेला आकाश लाल झाले. आज आकाशात उपग्रह आहेत, जमिनीवर विजेचे जाळे आहे. १९८९ च्या मार्चमध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांत अंधारात गेला होता. म्हणून अलिबागची ती शांत खोली आता आपल्या घरातल्या दिव्याशी जोडलेली आहे.

परतीच्या रेल्वेत मुलांचा एकच प्रश्न होता, याहून लहान माप आहे का? आहे. नॅनोटेस्लाचा हजारावा भाग पिकोटेस्ला, त्याचा हजारावा भाग फेम्टोटेस्ला. आणि ते मोजावे असे काय आहे? आपण स्वतः. हृदय धडधडते तेव्हा त्यात विजेचा बारीक प्रवाह वाहतो, आणि प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आलेच. छातीजवळ ते पन्नासेक पिकोटेस्ला असते. मेंदूचे तर शंभरेक फेम्टोटेस्ला.

आकडे डोक्यात शिरेनात, तेव्हा आम्ही रस्त्याचे माप दिले. पृथ्वीचे क्षेत्र म्हणजे यवतमाळ ते मुंबई, सुमारे सातशे किलोमीटर असे धरा. मग एक नॅनोटेस्ला म्हणजे सोळा मीटर, दीड एसटीची लांबी. हृदयाचे क्षेत्र म्हणजे एका मीटरहूनही कमी, जानमाजची रुंदी म्हणा. आणि मेंदूचे? तिळाच्या दाण्याहून लहान. सातशे किलोमीटरच्या गर्दीत हा तीळ शोधायचा.

तरी माणसाने तो शोधला. १९६३ साली अमेरिकेत बाउल आणि मॅक्फी या दोघांनी वीस-वीस लाख वेढ्यांची दोन वेटोळी करून हृदयाचे क्षेत्र पकडले. पुढे डेव्हिड कोहेन यांनी चुंबकत्व अडवणारी खास खोली आणि स्क्विड नावाचे उपकरण वापरले. ते द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड करावे लागते. आपल्या देशात कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अशी उपकरणे तयार झाली आहेत. याचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. मिरगीच्या रुग्णाच्या मेंदूत झटका नेमका कुठून सुरू होतो ते यातून कळते. आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाची लय, अंगाला कुठेही सुई-तार न लावता, टिपता येते. एका मुलाने खिडकीकडे पाहत विचारले, “म्हणजे बाळाचं दिल पण टेस्लामध्ये?” आम्ही म्हटले, हो, फेम्टो आणि पिकोमध्ये.

गावी परतल्यावर सफांचे काम बाकीच होते. दिशेचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. यवतमाळ आणि मक्का यांच्या अक्षांशात जेमतेम एका अंशाचा फरक आहे, म्हणून सरळ पश्चिमेला तोंड केले की झाले, असे नकाशा पाहून वाटते. पण पृथ्वी गोल आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता आपल्या गावातून निघताना पश्चिमेपासून सुमारे साडेआठ अंश उत्तरेकडे झुकतो. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक आपल्याकडे एका अंशाहूनही कमी आहे. जगात कित्येक ठिकाणी तो दहा-पंधरा अंशांचा असतो. त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

पण फळ्यावरचे गणित सगळ्यांना पटत नाही. म्हणून सूर्यालाच साक्षीला बोलावले. वर्षातून दोनदा सूर्य दुपारी काबागृहाच्या अगदी डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात तो क्षण २७ किंवा २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५ किंवा १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी येतो. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केले की तोच किब्ला. जुलैत आपल्याकडे ढग असतात, मे महिना मात्र खात्रीचा. हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत ओळंबा धरून काठी उभी केली. सहा फुटांच्या काठीची सावली सव्वाचार फुटांच्या आसपास पडली. तरुण, वृद्ध, लहान मुले, सगळे उन्हात उभे. वेळ झाली, सावलीवर चुन्याची रेघ मारली, दोरी ताणली. जुन्या मशिदीच्या रेषेशी ती दहा फुटांमागे साधारण दीड फूट सरकलेली निघाली. मोकळ्या जागेत, लोखंडापासून दूर ठेवलेला तोच हजवरचा किब्लानुमा आता रेघेशी जुळला.

इमामसाहेबांनी मग दीनचा प्रश्न सोडवला. मक्केपासून दूर राहणाऱ्याने त्या बाजूला तोंड करणे पुरेसे आहे, थोड्या अंशांच्या फरकाने नमाजला बाधा येत नाही, असे उलेमा पूर्वीपासून सांगत आले आहेत. जुन्या मशिदीच्या सफा तशाच ठेवायच्या आणि नव्या हॉलच्या चुन्याच्या रेघेप्रमाणे काढायच्या, असे कमिटीने ठरवले. चाचांनी चुन्याच्या रेघेवर हात ठेवला आणि डोळे पुसले. अब्बांची नमाज जिथे होती तिथेच होती.

वाचकहो, आपल्या घरी किंवा मशिदीत दिशा पाहायची असेल तर थोडे लक्षात ठेवा. होकायंत्र नेहमी उघड्यावर, खांब, गेट, वाहन आणि विजेच्या तारांपासून दूर जमिनीवर ठेवा. मोबाईलचे चुंबकी कव्हर काढा, आणि तो हातात आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवून मगच वाचा. दोन-तीन जागी पाहा, आकडे जुळले तरच विश्वास ठेवा. आणि मे महिन्याच्या शेवटी, जोहरची नमाज झाल्यावर, मुलांना घेऊन अंगणात एक काठी उभी करा. त्यासाठी यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त घड्याळ बरोबर लावलेले असावे.